मूळ प्रत जागेवर राहू द्या

नाटकाचा सिनेमा झाला की आपल्याकडे वाद ठरलेला. २०१५ च्या दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’ पडद्यावर आला, तेव्हा वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब ज्यांनी रंगमंचावर ऐकले होते त्यांना नवे खाँसाहेब पचायला वेळ लागला. पाठोपाठ २०१६ च्या जानेवारीत ‘नटसम्राट’ आला. विक्रम गोखल्यांनी केलेला रामभाऊ शिरवाडकरांच्या नाटकात नाहीच, मग तो आणला कशाला, असं विचारणारे पुष्कळ होते. अप्पा बेलवलकरांना तोलामोलाची सोबत मिळाली ती त्या रामभाऊमुळेच, असं ठासून सांगणारेही होते. दोन्ही बाजू जिव्हाळ्यानं भांडत होत्या आणि असं भांडण व्हायलाच हवं, कारण ते नाटकावरच्या प्रेमातून येतं.

उलट दिशेच्या प्रवासाकडे मात्र आपण तेवढ्या गांभीर्यानं पाहत नाही. गाजलेला सिनेमा नाटकात, नृत्यात, नुसत्या आवाजात किंवा चित्रकथेत गेला, की जुन्या नावावर पैसा करण्याचा धंदा म्हणून त्याची बोळवण होते. काही वेळा ते खरंही असतं. पण सिनेमा दुसऱ्या माध्यमात गेला की त्याच्यातलं कॅमेऱ्याचं काय होतं आणि त्या पलीकडचं काय होतं, हे लख्ख दिसतं. नुसतं समीक्षेनं ते कधी इतकं स्पष्ट होत नाही. म्हणून असे प्रयोग व्हावेत, धीटपणे व्हावेत, या मताचा मी आहे. माझी अट एकच आहे, आणि ती सांगण्यासाठी ‘मुघल-ए-आझम’सारखं दुसरं उदाहरण नाही.

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी मुंबईत एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहात ‘मुघल-ए-आझम’ नाटकरूपात उभं राहिलं. दिग्दर्शक फिरोज अब्बास खान. ‘तुम्हारी अमृता’सारखं, दोन माणसांनी बसून फक्त पत्रं वाचायची असं नाटक बसवणारा हा दिग्दर्शक. ‘महात्मा व्हर्सेस गांधी’ हे आपलंच नाटक त्यानं २००७ साली ‘गांधी, माय फादर’ या नावानं पडद्यावर नेलं होतं, म्हणजे दोन माध्यमांमधली वाट त्याला ठाऊक होती. ज्या शापूरजी पालनजींच्या पैशावर के. आसिफ यांचा सिनेमा पुरा झाला, त्याच घराण्याचा उद्योगसमूह एनसीपीएच्या साथीनं या नाटकाचा निर्माता झाला. नाटक इथल्या मोठ्या शहरांत चाललं, परदेशात गेलं, २०२३ साली अमेरिका आणि कॅनडाच्या दौऱ्यावर जाऊन आलं. धंदा म्हणाल तर तो उत्तम झाला. नाटक म्हणून काय झालं, हा खरा प्रश्न.

त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण इथे ‘मूळ’ कुठलं हेच पटकन सांगता येत नाही. अनारकली नावाची कोणी दासी होती आणि अकबरानं तिला भिंतीत चिणलं, याला भक्कम पुरावा नाही. अबुल फझलच्या लिखाणात ती नाही. लाहोरला तिच्या नावाचा मकबरा आहे, बाजार आहे, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्यानं ऐकलेली गोष्ट आहे. या दंतकथेला नाट्यरूप दिलं ते लाहोरच्या इम्तियाझ अली ताज यांनी, १९२२ साली. तेव्हा त्यांचं वय बावीसच्या आसपास होतं. ‘अनारकली’ हे उर्दू नाटक रंगमंचावर झालं त्यापेक्षा वाचलंच जास्त गेलं. त्यातला दरबारी थाट उभा करणं कुठल्याही मंडळीच्या आवाक्यातलं नव्हतं. मूकपटांच्या काळात, १९२८ साली, पडद्यानं ही गोष्ट उचलली. १९५३ साली बीना रायचा ‘अनारकली’ आला, त्यातली सी. रामचंद्रांची गाणी अजून आपल्या कानांत आहेत. आणि मग ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये ‘मुघल-ए-आझम’ लागला.

म्हणजे २०१६ साली सिनेमाचं नाटक झालं असं आपण म्हणतो, तेव्हा एक नाटक सिनेमाच्या वाटेनं रंगमंचावर परत आलेलं असतं. ताज यांच्या नाटकात दिलाराम नावाची मत्सरी दासी आहे. शीशमहालातल्या जलशात ती आरसे अशा खुबीनं लावते की सलीम आणि अनारकली यांच्यातले इशारे बादशहाला दिसावेत. लेखकानं कागदावर लिहिलेली ही सूचना. रंगमंचावर तिचं काय होणार? पहिल्या रांगेला एक दिसेल, बाल्कनीला दुसरं, आणि बऱ्याच जणांना काहीच नाही. आसिफ यांनी कागदावरचा हा आरसा घेतला आणि त्याचा पूर्ण महाल केला.

तो महाल कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत सेट उभा राहायला दोनेक वर्षं लागली. फिरोझाबादचे कारागीर आणले, काच बेल्जियमहून मागवली. सगळं उभं राहिलं आणि मग लक्षात आलं की इतक्या आरशांसमोर दिवे लावले तर पडद्यावर दिव्यांचा झगमगाटच दिसेल, माणूस दिसणार नाही. छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिवे सरळ सेटवर न टाकता प्रकाश आधी दुसऱ्या पृष्ठभागावर पाडून तिथून परतवला, आणि तो परतलेला मऊ उजेड आरशांनी झेलला. त्या उजेडात मधुबाला नाचते. अकबर मान वर करतो आणि छताच्या प्रत्येक तुकड्यात त्याला तीच दिसते. ज्या दासीला तो कस्पटासमान मानतो, तिनं त्याचा महाल छतापर्यंत भरून टाकलेला असतो. त्या क्षणी एकही संवाद नाही. पृथ्वीराज कपूर यांचे डोळे आणि ते छत, बस.

या दृश्यात आणखी एक गोष्ट घडते. तोपर्यंतचा जवळजवळ सगळा सिनेमा कृष्णधवल आहे आणि हे गाणं टेक्निकलरमध्ये आहे. इथे येईपर्यंत डोळ्यांना करड्या छटांची इतकी सवय झालेली असते की लाल आणि हिरवा रंग अंगावर येतो. दरबारात उघडपणे प्रेम कबूल करणारी मुलगी आणि पडद्यावर उसळलेला रंग या दोन घटना एकाच वेळी घडतात. रंगीत फिल्म तेव्हा महाग होती, सिनेमा रखडत रखडत पुढे सरकत होता, त्या परिस्थितीतून हे घडलं. पण कलाकृती परिस्थितीतूनच घडते. ती कशामुळे तशी झाली यापेक्षा प्रेक्षकासमोर ती कशी उभी राहते, हे महत्त्वाचं.

आता हे दृश्य रंगमंचावर न्या. जमशेद भाभा नाट्यगृह मोठं आहे, मागे एलईडी पडदे आहेत, प्रक्षेपण आहे, कथकचा मोठा ताफा आहे, मनीष मल्होत्रांनी केलेले कपडे आहेत. झगमगाट पुरेपूर उभा राहतो. छतातली अनारकली मात्र येत नाही. पडद्यावर हजार प्रतिमा दाखवणं यंत्राला अवघड नाही. पण सिनेमात आपण अकबराच्या डोळ्यांनी वर पाहतो, कॅमेरा आपली मान धरून वर करतो. नाट्यगृहात प्रत्येकाची मान त्याची स्वतःची असते. आपण अकबराला पाहू शकतो, अनारकलीला पाहू शकतो, पण अकबर होऊन अनारकलीला पाहू शकत नाही. दृष्टिकोन उसना देण्याची सोय रंगमंचाजवळ नाही. आसिफ यांच्या सिनेमाचं मोठेपण सेटच्या खर्चात आहे असा आपला समज असतो. नाटक पाहिल्यावर कळतं की ते कॅमेरा कुठे ठेवला यात आहे. खर्च तर नाटकानंही केला.

दुसरं दृश्य याहून अवघड. सलीम पांढरं पीस अनारकलीच्या चेहऱ्यावरून हलकेच फिरवतो, मागे तानसेनाचा आवाज होऊन बडे गुलाम अली खाँ सोहनी गातात. दोन गाण्यांसाठी खाँसाहेबांनी गाण्यामागे पंचवीस हजार रुपये मागितले आणि आसिफ यांनी ते दिले. लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांनाही तेव्हा गाण्यामागे जे मिळत होतं त्याच्या कित्येक पट ही रक्कम होती. त्या दृश्यात घटना अशी काही नाहीच. एक पीस, एक चेहरा, आणि पापण्यांची हालचाल. दिलीपकुमार यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की या दृश्याच्या वेळी ते आणि मधुबाला एकमेकांशी साधं बोलतही नव्हते. पडद्यावर त्याचा मागमूस नाही. जवळून घेतलेला चेहरा आणि संकलकाची कात्री मिळून जी जवळीक तयार करतात, तिला नटांच्या खऱ्या आयुष्यातला दुरावा आड येत नाही. सोहनी हा रात्र सरतानाचा राग, त्याचे स्वर वरच्या सप्तकात घुटमळतात, आणि चेहऱ्यावर थांबलेला कॅमेरा त्या घुटमळण्याला जागा देतो.

हे दृश्य विसाव्या रांगेतून पाहायचं म्हटलं तर पीस दिसेल, पापणी दिसणार नाही. इथे नाटकवाल्यापुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे दृश्य जसंच्या तसं करायचं आणि प्रेक्षकाच्या आठवणीवर भिस्त ठेवायची. त्याला मधुबालाचा चेहरा आठवेल आणि उरलेलं तो स्वतः भरून काढेल. दुसरा म्हणजे ते दृश्य सोडून द्यायचं आणि त्यातली जवळीक रंगमंचाच्या भाषेत नव्यानं शोधायची. फिरोज खान यांच्या नाटकानं एकूणात पहिला रस्ता धरला. सिनेमाची चौकट, सिनेमाचे संवाद, नौशाद यांच्या चाली. ओळखीचं गाणं सुरू झालं की नाट्यगृह टाळ्यांनी भरून जातं. त्या टाळ्या खऱ्या असतात, पण बऱ्याचशा १९६० सालासाठी असतात.

मग नाटकानं दिलं काय? दिलं, आणि फार मोलाचं दिलं. नाटकात अनारकली स्वतः गाते.

मराठी प्रेक्षकाला याचं मोल वेगळं समजवावं लागू नये. सिनेमात मधुबालाचा चेहरा आणि लताबाईंचा गळा यांची जोडणी झाली. ती इतकी बेमालूम आहे की जोड दिसत नाही, पण जोड आहेच. पार्श्वगायन ही बोलपटानं काढलेली वाट. त्याआधी आपल्याकडे जो नट तोच गायक होता. बालगंधर्वांची भामिनी बालगंधर्वच गात होते. मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीत गळा आणि चेहरा वेगळे करण्याची कल्पनाच नव्हती, आणि त्याच घरातली, लहानपणी वडिलांच्या नाटकात उभी राहिलेली मुलगी पुढे पडद्यामागे गेली आणि साऱ्या देशातल्या नायिकांचा आवाज झाली. ‘मुघल-ए-आझम’ची गाणी हा त्या पडद्यामागच्या गाण्याचा कळस. ती गाणी नाटकात आली तेव्हा प्रियांका बर्वे आणि नेहा सरगम या दोघींनी आळीपाळीनं अनारकली केली, आणि दोघीही रंगमंचावर प्रत्यक्ष गात होत्या. प्रियांका ही ज्येष्ठ गायिका मालती पांडे-बर्वे यांची नात, पुण्याच्या गाण्याच्या वातावरणात वाढलेली.

प्रत्यक्ष गाण्यानं अर्थ कसा बदलतो ते पाहा. सिनेमात अनारकली दरबाराला आव्हान देते तेव्हा तिचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित झालेला असतो. तो चुकणार नाही, फाटणार नाही, त्याला दम लागणार नाही. नाटकातल्या अनारकलीला बादशहासमोर गाताना दम लागू शकतो. नाच, हालचाल, जड कपडे, आणि तशात वरचा स्वर लावायचा. तो लागेल की नाही हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसतं. बादशहापुढे तोंड उघडायला धाडस लागतं ही गोष्ट सिनेमा सांगतो. नाटकात ते धाडस आपल्यासमोर, त्याच हवेत घडतं. लताबाईंशी तुलना करणाऱ्यांना यात काहीच मिळणार नाही. तुलना गळ्यांची नाहीच. सिनेमाला जे मुळातच देता येत नव्हतं, तेवढी एक गोष्ट नाटकानं दिली, आणि माझ्या लेखी त्या एका गोष्टीसाठी हा सारा खटाटोप सार्थ आहे.

सिनेमाचा कणा संवादांचा आहे आणि ते संवाद रंगमंचावर सहज उभे राहतात, हेही नवल नाही. अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा, एहसान रिझवी अशा चौघांची उर्दू ती. ती म्हणणारे पृथ्वीराज कपूर १९४४ ते १९६० या काळात आपली पृथ्वी थिएटर्स ही नाटकमंडळी घेऊन देशभर फिरत होते. म्हणजे सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं त्या सबंध काळात हा अकबर रात्री रंगमंचावर उभा राहणारा नट होता. त्यांचा आवाज, थांबण्याची लकब, शेवटच्या रांगेसाठी फेकलेला शब्द, हे सगळं नाटकातून पडद्यावर आलेलं. अशा शब्दांना चित्राचाही आधार लागत नाही. ‘शोले’च्या वेळी हे सिद्धच झालं. गाण्यांपेक्षा लोक संवादच म्हणत फिरतात हे लक्षात आल्यावर पॉलिडोरनं संवादांची रेकॉर्ड काढली, आणि गणपतीच्या मांडवांपासून इराण्याच्या हॉटेलांपर्यंत गब्बरचा नुसता आवाज घुमू लागला. मला तीही एक रूपांतरित कलाकृतीच वाटते. डोळे वजा करूनही सिनेमा कितीसा उरतो, हे त्या रेकॉर्डनं दाखवलं.

माझी तक्रार आहे ती नाटकाच्या अदबीबद्दल. इतकी साधनं, इतका पैसा, इतके गुणी लोक हाताशी असताना सिनेमाला एकही नवा प्रश्न विचारायचा नाही, हे मला खटकतं. सिनेमात जोधाबाईचं काम दुर्गाबाई खोटे यांनी केलं. नवरा आणि मुलगा युद्धभूमीवर समोरासमोर उभे, आणि दोघांच्या मध्ये ती. तिच्या वाट्याला मोजकी दृश्यं आली तरी दुर्गाबाईंच्या चेहऱ्यावर अख्खं नाटक दिसतं. रंगमंचाला ती मध्यभागी आणता आली असती. शेवटाचंही तसंच. ताज यांच्या नाटकात अनारकलीला मरणच आहे. आसिफ यांनी भुयार काढलं आणि अनारकलीच्या आईला दिलेलं वचन पाळून तिला गुपचूप जाऊ देणारा अकबर दाखवला. सत्तेला माणुसकीचा मुलामा देणारा हा शेवट १९६० च्या भारताला हवा होता. फाळणीच्या जखमा ताज्या असताना उदार बादशहाची गरज होती, हे मी समजू शकतो. पण २०१६ साली तो शेवट पुन्हा तपासून पाहायला काय हरकत होती? नाटकातून सिनेमा करताना आसिफ यांनी ताजना जेवढं बदललं, त्याच्या पाव हिश्शानंही नाटकानं आसिफना बदललं नाही. मूळ लेखकाशी असं वागायचं धाडस आसिफ यांच्यात होतं म्हणून तर त्यांचा सिनेमा मोठा झाला.

असं धाडस इतरत्र झालेलं आहे. ‘द लायन किंग’ हा १९९४ चा अ‍ॅनिमेशनपट १९९७ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आला. पडद्यावर सिंह म्हणजे सिंहच होता. दिग्दर्शिका ज्यूली टेमर यांनी रंगमंचावर नटाला झाकायचं नाही असं ठरवलं. मुखवटा डोक्याच्या वर, माणसाचा चेहरा खाली उघडा, दोन्ही एकाच वेळी दिसणारे. सिंह पाहायचा की माणूस, हे प्रेक्षकानं ठरवायचं. दशावतार किंवा बोहाडा पाहिलेल्या माणसाला यात अनोळखी काही वाटणार नाही; सोंग आणि माणूस एकत्र पाहण्याची ताकद प्रेक्षकात असते, हा रंगमंचाचा फार जुना भरवसा आहे. पडद्याच्या हुबेहूबपणाशी स्पर्धा करायला टेमर यांनी सपशेल नकार दिला आणि म्हणूनच ते नाटक उभं राहिलं.

जवळच्या चेहऱ्याचा प्रश्नही कुणीतरी अंगावर घेतला आहे. बिली वाइल्डर यांच्या १९५० च्या ‘सनसेट बुलेवार्ड’वर अँड्र्यू लॉइड वेबर यांनी १९९३ साली संगीतिका केली होती. मूकपटांच्या काळातली, विस्मरणात गेलेली एक नटी, तिला अजून कॅमेऱ्याची आस आहे, अशी ती गोष्ट. पहिल्या प्रयोगांत जिन्यांचा भव्य बंगला उभा केला होता. २०२३ साली लंडनला जेमी लॉइड यांनी तो बंगलाच काढून टाकला. रिकामा रंगमंच, आणि नटांचे चेहरे तिथल्या तिथे टिपून मागच्या प्रचंड पडद्यावर दाखवणारा कॅमेरा. निकोल शर्झिंगर यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ शेवटच्या रांगेला दिसू लागली आणि त्याच वेळी खाली उभी असलेली, त्या प्रतिमेपुढे एवढीशी वाटणारी बाईही दिसत राहिली. सिनेमानं माणसाचं काय केलं, हाच त्या गोष्टीचा विषय. त्या प्रयोगात कॅमेरा विषयाचा भाग होऊन आला. आपल्या सलीम-अनारकलीच्या पिसाला असं काही मिळालं असतं तर, असं वाटल्यावाचून राहत नाही.

तरीही, जमलेलं नाटक असो की फसलेलं, त्यानं सिनेमाचं काही बिघडत नाही. प्रयोग संपतो, दिवे लागतात, लोक घरी जातात. आसिफ यांचा सिनेमा होता तसाच राहतो. नाटक फसलं तर फार तर एक नाटक फसतं. माझी जी अट मी सुरुवातीला म्हटली ती हीच, की नवं काहीही करा, पण मूळ कृती आपल्या जागेवर राहिली पाहिजे. आणि ही अट मोडली ती नाटकवाल्यांनी नव्हे. ‘मुघल-ए-आझम’च्या बाबतीत ती मोडली सिनेमावाल्यांनीच.

१२ नोव्हेंबर २००४ रोजी, दिवाळीत, ‘मुघल-ए-आझम’ पुन्हा प्रदर्शित झाला तो संपूर्ण रंगीत होऊन. संगणकावर एकेक चौकट रंगवली होती. नौशाद हयात होते, त्यांच्या देखरेखीखाली संगीत नव्या ध्वनियंत्रणेसाठी पुन्हा बांधलं गेलं. लांबीही कमी झाली. काम मेहनतीचं होतं, त्यात आदर होता, आणि एका पिढीला हा सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहता आला. २००६ साली तर तो पाकिस्तानातल्या चित्रपटगृहांतही लागला. हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन की त्या आवृत्तीनं सिनेमाला इजा केली. सगळंच रंगीत झाल्यावर शीशमहालात रंग उसळत नाही. बंडाचा क्षण बाकीच्या दृश्यांसारखा एक देखणा क्षण होऊन जातो. शिवाय माथुर यांनी कृष्णधवल फिल्मसाठी उजेड आणि सावली रचली होती. चिलखतावरची चकाकी, साखळदंडांवरचा काळा, संगमरवराचे करडे थर. त्यावर नंतर चढवलेला रंग त्या रचनेचा कधीच भाग नव्हता.

याला एक उत्तर नेहमी दिलं जातं आणि ते टाळून पुढे जाणं योग्य नाही. गाणं रंगीत झाल्यावर आसिफ इतके खूश झाले की सगळा सिनेमा पुन्हा रंगीत चित्रित करायची त्यांची तयारी होती. वितरक थांबायला तयार नव्हते म्हणून ते राहिलं. मग २००४ ची प्रत ही आसिफ यांचीच इच्छापूर्ती नाही का? मला हा युक्तिवाद पटत नाही. आसिफ यांनी रंगीत सिनेमा केला असता तर दिवे वेगळे लावले असते, कपड्यांचे रंग निवडले असते, भिंती वेगळ्या रंगवल्या असत्या. त्यांची इच्छा नवा सिनेमा करण्याची होती. त्यांनी न टिपलेला रंग त्यांच्या नावावर चढवणं ही इच्छापूर्ती होत नाही. १९७१ साली ते गेले. त्यांना विचारण्याची सोय उरली नव्हती.

याच्या शेजारी ‘शोले’चं ताजं उदाहरण ठेवावंसं वाटतं. १९७५ साली, आणीबाणीच्या काळात, सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला. ठाकूर गब्बरला मारतो असं चित्रित झालं होतं. प्रेक्षकांनी पाहिलं ते पोलीस येऊन गब्बरला धरतात असं. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं केलेल्या पुनरुज्जीवनात तो पहिला शेवट परत आला आणि २०२५ साली ती प्रत इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. इथे दिग्दर्शकानं स्वतः चित्रित केलेलं, त्याच नटांचं, त्याच छायालेखकाचं काम तिजोरीतून बाहेर आलं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरीही माझं म्हणणं असं की ‘शोले’चीही १९७५ ची प्रत नाहीशी होता कामा नये. पन्नास वर्षं देशानं जो शेवट पाहिला, ज्याच्यावर वाद घातले, तोही आता इतिहास आहे. दोन्ही प्रती असाव्यात आणि कुठली कोणती हे प्रेक्षकाला स्पष्ट कळावं.

कारण नव्या प्रतीची खरी अडचण ती वाईट असण्यात नसते. ती जुन्या प्रतीच्या खुर्चीत बसते, यात असते. नाव तेच, नट तेच, पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत सगळं तेच, त्यामुळे आज पहिल्यांदा हा सिनेमा पाहणाऱ्या मुलाला आपण १९६० चा सिनेमा पाहत नाही हे कळायला मार्ग नाही. नाटकाबद्दल असा गैरसमज कुणाचाच होणार नाही. म्हणून, वरवर पाहता सिनेमापासून सगळ्यात दूर गेलेलं नाटक सिनेमाशी जास्त इमानी ठरतं, आणि सगळ्यात जवळची वाटणारी रंगीत प्रत त्याला बाजूला सारते. रूपांतराचं मोजमाप मूळ कृतीशी असलेल्या साम्यावर करण्याची आपली सवय इथे साफ चुकते.

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जुन्या सिनेमांच्या प्रती जपण्याचं आणि पुनरुज्जीवनाचं काम तिथे चालतं. ‘मुघल-ए-आझम’चे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नाटकासाठी सढळ हातानं खर्च केला, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. आता त्यांनी संग्रहालयाच्या मदतीनं १९६० ची प्रत, पूर्ण लांबीची, कृष्णधवल, आणि जिथे होता तिथेच रंग असलेली, नव्यानं स्वच्छ करून चित्रपटगृहांत आणावी. सुरुवात मराठा मंदिरपासून व्हावी. ते चित्रपटगृह त्याच जागी उभं आहे. आणि रंगीत प्रत जिथे जिथे दाखवली जाईल तिथे नावाखाली ‘२००४ ची आवृत्ती’ एवढे शब्द ठळक छापले जावेत.